टॉक्सोडॉन काय खात होता? दक्षिण अमेरिकेतल्या नामशेष सस्तन प्राण्यांचा आहार कसा ओळखतात

२६ नोव्हेंबर १८३३ रोजी उरुग्वेमध्ये, रिओ नेग्रो नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याजवळच्या शेतघरी चार्ल्स डार्विनने १८ पेन्स मोजून एक भलीमोठी कवटी विकत घेतली. मातीतून निघाली तेव्हा ती धड होती. नंतर पोरांनी दगड मारून तिचे काही दात पाडले आणि नेम धरायला तीच कवटी मांडून ठेवली. तिच्या एका रिकाम्या खोबणीत अचूक बसणारा अख्खा दात डार्विनला मिळाला होता, पण तो तिथून सुमारे १८० मैलांवर, रिओ तेर्सेरोच्या काठी. म्हणजे एकाच जातीचे प्राणी एवढ्या मोठ्या मुलखात पसरलेले होते. १८३७ मध्ये इंग्रज शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी या प्राण्याला टॉक्सोडॉन हे नाव दिलं.

वजन टनाच्या वर, पाय आखूड आणि जाड, डोकं प्रचंड. हा प्राणी खात काय होता? एखाद्या नामशेष हत्तीबद्दल हाच प्रश्न पडला तर आजचा हत्ती बघून निम्मं उत्तर मिळतं. टॉक्सोडॉनच्या बाबतीत बघायला कोणी उरलेलंच नाही. दक्षिण अमेरिका तीन कोटींहून जास्त वर्षं समुद्राने वेढलेली होती. उत्तर अमेरिकेशी तिची जमीन पनामापाशी पुरती जुळली ती सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी. मधल्या काळात तिथे खुरवाल्या प्राण्यांची स्वतंत्र घराणी वाढली आणि नंतर संपली. त्यांचे सख्खे वारस आज जगात कुठेही नाहीत.

नातं तरी कोणाशी, हे १८० वर्षं कोडंच होतं. २०१५ मध्ये टॉक्सोडॉन आणि मॅक्राउकेनिया (तिथलाच आणखी एक नामशेष, लांब मानेचा खुरवाला प्राणी) यांच्या हाडांमधल्या कोलॅजन या प्रथिनाचा क्रम वाचता आला आणि ते घोडा-गेंडा-टेपिर या गटाच्या जवळचे निघाले. २०१७ मध्ये मॅक्राउकेनियाचा डीएनए मिळाला. त्याचं घराणं घोड्या-गेंड्यांपासून वेगळं झालं ते सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, साधारण त्याच काळात जेव्हा सह्याद्रीचा कातळ झालेला लाव्हा दख्खनवर ओतला जात होता. एवढ्या जुन्या फाटाफुटीनंतर 'गेंड्याचा नातलग म्हणून गेंड्यासारखं खात असेल' या म्हणण्याला काही अर्थ राहत नाही. पुरावा प्राण्याच्या स्वतःच्या अंगातूनच काढावा लागतो, आणि पहिला पुरावा दात.

सस्तन प्राण्याच्या दाढेत तीन पदार्थ असतात. वरचं इनॅमल सर्वांत कठीण, आतलं डेंटीन त्याहून मऊ, आणि मुळाभोवती किंवा घड्यांमध्ये भरलेलं सिमेंटम आणखी मऊ. चावताना मऊ भाग आधी झिजतो, इनॅमलच्या कडा वर राहतात आणि दाढ खरखरीत राहते. गुळगुळीत झालेल्या जात्याला टाकी लावून घ्यावी लागते. ही दाढ आपली टाकी आपणच लावून घेते. पण त्यासाठी दात झिजत राहावा लागतो. घोड्याची दाढ वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर झिजते. नव्या दाढेची उंची ७-८ सेंटिमीटर असते, त्यातली बहुतेक जबड्यात पुरलेली, आणि ती हळूहळू वर सरकते. टॉक्सोडॉनची दाढ याच्याही पुढे गेली. तिला बंद मूळ नाही. खालचं टोक उघडं असतं आणि दात जन्मभर वाढत राहतो. इनॅमलही पूर्ण वेढा घालत नाही, उभ्या पट्ट्यांमध्ये असतं. वरच्या दाढा धनुष्यासारख्या वाकलेल्या असतात, कारण एवढा लांब दात कवटीत सरळ मावत नाही.

इथे पाठ्यपुस्तकातला नेहमीचा तर्क येतो. गवताच्या पात्यात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात, त्यांनी दात झिजतात, म्हणून उंच दाढा म्हणजे गवत खाणारा प्राणी आणि उंच दाढांचे पुष्कळ प्राणी म्हणजे गवताळ प्रदेश. दक्षिण अमेरिकेत हाच तर्क वापरून गवताळ मैदानं इतर खंडांच्या कितीतरी आधी तिथे पसरली असं बराच काळ मानलं गेलं. पॅटागोनियात चुबुत प्रांतातल्या ग्रान बार्रांका या कड्यात सुमारे ४ कोटी ३० लाख ते १ कोटी ८५ लाख वर्षांपूर्वीचे थर एकावर एक दिसतात, आणि त्यांत उंच दाढांचे खुरवाले प्राणी फार लवकर येतात.

हा तर्क तपासायचा तर दात सोडून मातीकडे वळावं लागतं. वनस्पती कुजते, पण तिच्या पेशींमधले सिलिकाचे कण, म्हणजे फायटोलिथ, मातीत टिकतात. माडाच्या कुळातल्या झाडांचे काटेरी गोळ्यांसारखे, गवताचे डमरूसारखे किंवा खोगिरासारखे असे त्यांचे आकार ओळखता येतात. ग्रान बार्रांकाच्या थरांतले फायटोलिथ मोजून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. उंच दाढा आल्या त्या काळात तिथे माडवर्गीय झाडं आणि जंगल होतं. मोकळी गवताळ मैदानं नव्हती.

मग दात कशाने झिजत होते? उत्तर त्याच कड्यात आहे. ते थर मुख्यतः ज्वालामुखीच्या राखेचे आणि वाऱ्याने आणलेल्या धुळीचे आहेत. मोह्सच्या कठीणतेच्या मापावर दातातलं खनिज अॅपेटाइट ५ वर, ज्वालामुखी काच साधारण साडेपाचवर आणि क्वार्ट्झ ७ वर. पानावर बसलेली राख पानाबरोबर चावली गेली की दात घासला जाणारच, पान झाडाचं असो की गवताचं. दाढेची उंची एवढंच सांगते की झीज खूप होती. झिजवणारी वस्तू कोणती, हे ती सांगत नाही. या विषयात आठवणीत ठेवावी अशी एकच गोष्ट निवडायची तर मी ही निवडेन, कारण लोकप्रिय लिखाणात अजूनही 'उंच दाढ, म्हणून गवत' असं सर्रास छापलं जातं.

आहाराचा थेट माग लागतो तो कार्बनच्या समस्थानिकांतून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंतून. वनस्पती हवेतला कार्बन दोन मुख्य रासायनिक वाटांनी पकडतात. झाडं, झुडपं, भात, गहू आणि थंड प्रदेशातली गवतं ज्या वाटेने जातात तिला सी-३ म्हणतात. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि उष्ण प्रदेशातली बहुतेक गवतं सी-४ वाटेची. जड कार्बन-१३ चं प्रमाण दोघांत वेगळं पडतं. ठरलेल्या मानकाच्या तुलनेत सी-३ वनस्पती सरासरी उणे २७ दर हजारी आणि सी-४ सुमारे उणे १३. मोठ्या शाकाहारी प्राण्याच्या इनॅमलमध्ये हा आकडा अन्नापेक्षा सुमारे १४ ने वर सरकतो, पण फरक कायम राहतो.

प्रयोगशाळेत काम असं चालतं. दातावरची माती आणि सिमेंटम खरवडून टाकतात. बारीक ड्रिलने इनॅमलची काही मिलिग्रॅम पूड काढतात. हायड्रोजन पेरॉक्साइडने किंवा सोडियम हायपोक्लोराइटने तिच्यातलं सेंद्रिय द्रव्य घालवतात. पातळ अॅसेटिक आम्लाने जमिनीतल्या पाण्यामुळे नंतर बसलेलं कार्बोनेट काढतात. मग फॉस्फरिक आम्ल टाकून कार्बन डायऑक्साइड मोकळा करतात आणि तो वायू मास स्पेक्ट्रोमीटर या, जड-हलके अणू वेगळे करणाऱ्या यंत्रात मोजतात. अॅसेटिक आम्लाची पायरी गाळली तर प्राण्याऐवजी भूजलाचाच आहार मोजला जातो. ड्रिल इनॅमल ओलांडून डेंटीनमध्ये गेलं तरी तीच गत, कारण डेंटीन सच्छिद्र असतं आणि त्यात बाहेरचं खनिज सहज शिरतं. टॉक्सोडॉनच्या इनॅमलच्या पट्ट्या पातळ असल्यामुळे ही चूक व्हायला वेळ लागत नाही.

आकडा हाती आल्यावरची चूक जास्त फसवी असते. समजा इनॅमलचं माप उणे २ आलं. चौदा वजा केले की अन्न उणे १६. उणे २७ आणि उणे १३ ही टोकं धरली तर सी-४ चा वाटा चौदापैकी अकरा, म्हणजे सुमारे ७९ टक्के. पण ही टोकं आजच्या वनस्पतींची आहेत. दोन शतकं कोळसा आणि तेल जाळल्यामुळे हवेतला कार्बन हलका झाला आहे. त्याआधीच्या वनस्पती साधारण दीड दर हजारीने जड होत्या. टोकं उणे साडेपंचवीस आणि उणे साडेअकरा अशी दुरुस्त केली की तोच वाटा ६८ टक्क्यांवर येतो. दात तोच, माप तेच, आणि उत्तरात अकरा टक्क्यांचा फरक.

टॉक्सोडॉनवर ही पद्धत लावली तेव्हा निघालेलं चित्र मोठं सुंदर आहे. अॅमेझॉनच्या खोऱ्यातले टॉक्सोडॉन सी-३ म्हणजे जंगलातला पाला खात होते. ईशान्य ब्राझीलमधल्या बाहियातल्यांचा आहार जवळजवळ पूर्ण सी-४ गवताचा. अर्जेंटिनातल्यांचा सी-३ कडे झुकलेला, मधूनमधून मिश्र. एकच प्राणी, त्याच सतत वाढणाऱ्या दाढा, आणि जिथे जे मिळेल ते खाणं. दाढेने त्याला गवताशी बांधलं नव्हतं. कशानेही झिजलं तरी संपणार नाही असं हत्यार दिलं होतं.

अर्जेंटिनाच्या आकड्यांपाशी मात्र जपून राहावं लागतं. दक्षिणेकडे थंडी वाढते तशी गवतंही सी-३ वाटेची होतात. त्यामुळे पॅटागोनियातला सी-३ आकडा 'पाला' असंही सांगू शकतो आणि 'गवत' असंही. शिवाय सी-४ गवतं जगभर पसरली ती सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी. त्याआधीच्या प्राण्यांसाठी, म्हणजे ग्रान बार्रांकाच्या सगळ्याच प्राण्यांसाठी, कार्बनवरून गवत आणि पाला वेगळे काढता येत नाहीत. तिथे फायटोलिथ आणि दातावरचे सूक्ष्म ओरखडे कामी येतात. ओरखडे सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात: लांब रेघा जास्त असतील तर गवत किंवा वाळू, खड्डे जास्त असतील तर टणक बिया आणि फळं. पण चावता चावता जुने ओरखडे पुसले जातात, त्यामुळे प्राण्याच्या शेवटच्या काही दिवसांचं किंवा आठवड्यांचं खाणं तेवढं कळतं. दुष्काळात मेलेल्या जनावराचे ओरखडे दुष्काळातलाच आहार दाखवतात.

मॅक्राउकेनियाचा प्रश्न वेगळा आहे. डार्विनला त्याची हाडं १८३४ मध्ये पॅटागोनियातल्या सान हुलियान बंदरात मिळाली. सुमारे टनभर वजन, लांब मान, प्रत्येक पायाला तीन खूर. मानेच्या मणक्यांत रक्तवाहिनीची नळी उंटांसारखी आतल्या बाजूने जाते, म्हणून ओवेन यांनी त्याचं नातं लामाशी जोडलं होतं. ते चुकलं. कवटीत नाकाचं छिद्र तोंडाच्या टोकाला नसून थेट दोन डोळ्यांच्या मधे, वरच्या बाजूला आहे. यावरून त्याला सोंड होती असं ठरलं, आणि चित्रांत ती सोंड पिढ्यान् पिढ्या राहिली. सोंडेत हाड नसतं, त्यामुळे तिचा जीवाश्म मिळत नाही. हाती असतात ती स्नायू चिकटण्याच्या जागी उरलेली वळं आणि खळगे. अलीकडे आजच्या बऱ्याच सस्तन प्राण्यांच्या कवट्यांशी तुलना झाली तेव्हा मॅक्राउकेनियाचं नाक हत्तीपेक्षा मूस या मोठ्या हरणाच्या फुगीर, मांसल नाकाच्या जवळ जातं असं दिसलं. सोंड गेली तर पाला ओरबाडण्याचं काम ओठ आणि लांब मान यांच्यावर येतं, आणि डोकं किती उंचीवर पोचत होतं त्याचा हिशोब बदलतो.

जमिनीवर राहणाऱ्या महाकाय स्लॉथकडे (आज झाडांवर लटकणाऱ्या संथ स्लॉथच्या नामशेष नातलगांकडे) वळलं की वरची निम्मी साधनं हातातून जातात, कारण स्लॉथच्या दातांना इनॅमल नसतंच. समस्थानिकांसाठी सच्छिद्र डेंटीन किंवा हाड वापरावं लागतं, आणि ओरखड्यांचे इनॅमलवरून बसवलेले निकष चालत नाहीत. १७८७ च्या सुमारास ब्युनोस आयर्सजवळच्या लुहान नदीकाठी मिळालेला मेगाथेरियमचा सांगाडा माद्रिदला जोडून उभा केला गेला आणि १७९६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी त्याला नाव दिलं. वजन सुमारे चार टन, नाकापासून शेपटीपर्यंत सहा मीटर. तोंडात एकूण १८ दात: वर दोन्ही बाजूंना पाच-पाच, खाली चार-चार. सगळे चौकोनी, जन्मभर वाढणारे. प्रत्येकावर दोन आडव्या धारदार कडा, मधे दरी. कडा कठीण डेंटीनच्या आणि दरी मऊ डेंटीनची, म्हणजे इनॅमल नसूनही धार धरण्याची युक्ती तीच. वरच्या दाताची कड खालच्याच्या दरीत बसते, त्यामुळे जबडा आडवा फारसा सरकू शकत नाही. तो वर-खाली चालतो आणि अन्न दळण्याऐवजी कापतो. तंतुमय पण वाळूविरहित पाला, कोवळ्या फांद्या, फळं यांच्यासाठी हे तोंड योग्य आहे.

मुस्कटाची रुंदीही बोलकी असते. मेगाथेरियमचं मुस्कट निमुळतं, वरचा ओठ जाड आणि पकड घेणारा असावा अशा खुणांचं. असा प्राणी वेचून खातो. ब्युनोस आयर्सभोवतालच्या त्याच पाम्पा मैदानावरच्या लेस्टोडॉन आणि ग्लॉसोथेरियम या स्लॉथची मुस्कटं रुंद आणि सपाट, म्हणजे एका घासात जास्त गवत उचलणारी. तीन अवजड प्राणी एकाच मुलखात कसे तगले याचं बरंचसं उत्तर या रुंदीत आहे: एकाच चाऱ्यावर सगळ्यांची तोंडं नव्हती.

स्लॉथच्या घराण्यातला सर्वांत विलक्षण प्राणी पेरूच्या किनाऱ्यावर, पिस्को खडकांत मिळतो. थॅलासोक्नस समुद्रात उतरला होता. तेव्हाही तो किनारा वाळवंटी होता, जमिनीवर चरायला फारसं काही नव्हतं, पाण्यात मात्र समुद्री गवत होतं. त्याच्या पाच जाती एकामागोमाग आल्या, आणि तीस-चाळीस लाख वर्षांच्या त्या प्रवासात हाडं भरीव होत गेली. हाडातली पोकळी भरून येण्याचा फायदा असा की अंग जड होतं आणि तळाशी राहायला कमी कष्ट पडतात. आधीच्या जातींच्या दातांवर वाळूचे खोल ओरखडे आहेत, कारण त्या उथळ पाण्यात, लाटांनी वाळू ढवळली जाते तिथे चरत. नंतरच्या जातींच्या दातांवर ते कमी होतात, म्हणजे चरण्याची जागा खोल पाण्याकडे सरकली.

मांसाहाऱ्यांत थायलाकोस्मिलसचं उदाहरण बघण्यासारखं आहे, कारण इथेही एका ठळक अवयवाने बराच काळ दिशाभूल केली. पिशवीवाल्या सस्तन प्राण्यांच्या जवळचा हा शिकारी अर्जेंटिनातल्या कातामार्का प्रांतात १९२६ मध्ये मिळाला. वरचे दोन सुळे एवढे लांब की त्यांची मुळं डोळ्यांच्या वरून कवटीच्या छतापर्यंत जातात. खालच्या जबड्याला त्यांच्यासाठी म्यानासारख्या हाडांच्या पाळ्या. साहजिकच त्याला 'पिशवीवाला स्मायलोडॉन' ठरवलं गेलं; स्मायलोडॉन म्हणजे मार्जारकुळातला लांब सुळ्यांचा नामशेष शिकारी. पण स्मायलोडॉनचा सुळा आडव्या छेदात पात्यासारखा चपटा असतो, याचा त्रिकोणी आहे. मांस कुरतडून काढायला लागणारे वरचे पुढचे दात त्याच्या जबड्यात आढळत नाहीत. खालच्या जबड्याच्या दोन फाका पक्क्या जुळलेल्या नाहीत. दाढांची झीजही टोकांवरून बोथट झालेली आहे. २०२० मध्ये या खुणा एकत्र मांडल्या गेल्या आणि असं सुचवलं गेलं की तो मेलेल्या जनावराचं पोट फाडून आतले मऊ अवयव खात असावा. सुळ्यांच्या मुळांनी डोळ्यांच्या खोबणी बाजूला ढकलल्या होत्या. २०२३ मधल्या सीटी स्कॅनच्या अभ्यासानुसार खोबणी पुढे वळलेल्या आणि उभट असल्यामुळे दोन्ही डोळ्यांची नजर तरीही सुमारे ७० टक्के एकमेकींवर येत होती. अंतराचा अंदाज घ्यायला ती पुरेशी आहे, म्हणून तो निव्वळ मृतोपजीवी होता असंही ठामपणे म्हणता येत नाही.

शेवटी स्लॉथ मांस खात होते का, हा वाद. मेगाथेरियमच्या कोपराच्या हाडाची मापं बलापेक्षा वेगाला सोयीची आहेत, या आधारावर १९९६ मध्ये तो पंजाने भोसकून मांसही खात असावा अशी कल्पना मांडली गेली. ती तपासायला हाडातले दोन पदार्थ वापरले: कोलॅजन आणि खनिज कार्बोनेट. या दोहोंच्या कार्बन आकड्यांतलं अंतर शाकाहाऱ्यांत मोठं असतं, मांसाहाऱ्यांत कमी. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत मेगाथेरियम शाकाहाऱ्यांत बसला.

मायलोडॉन या दुसऱ्या महाकाय स्लॉथचं उत्तर वेगळं आलं. चिलीमधल्या एका गुहेत १८९५ मध्ये त्याची कातडी सापडली, केसांसकट, आत हाडांच्या गोट्या रुजलेल्या. त्याच गुहेत शेणही भरपूर होतं, आणि त्यात गवतं आणि लव्हाळ्यासारख्या वनस्पती ओळखता आल्या. म्हणून तो पक्का चरणारा मानला गेला. २०२१ मध्ये त्याच्या केसांतली अमिनो आम्लं सुटी करून नायट्रोजन मोजला गेला. अख्ख्या ऊतीचा नायट्रोजन मोजला तर कोरड्या हवामानामुळेही आकडा चढतो आणि शाकाहारी प्राणी मांसाहारी भासू शकतो. सुट्या अमिनो आम्लांत ही अडचण राहत नाही. ग्लुटामिक आम्लाचा आकडा आहारसाखळीत वर जाताना चढतो, फेनिलअॅलनिनचा जवळजवळ तसाच राहतो, आणि दोहोंतला फरक प्राण्याची पायरी दाखवतो. मायलोडॉनचा फरक शुद्ध शाकाहाऱ्यापेक्षा वर निघाला. उत्तर अमेरिकेतला नोथ्रोथेरियॉप्स हा स्लॉथ त्याच चाचणीत शाकाहारी ठरला.

शेण आणि केस यांत इथे विरोध असेलच असं नाही. शेणाच्या एका गोळ्यात दोन-चार दिवसांचं खाणं असतं आणि त्यातही न पचलेला भाग तेवढा, म्हणजे तंतू. मांस किंवा अंडी खाल्ली तर ती पचून जातात. केस मात्र महिनोन्महिने वाढतो आणि पचलेल्या प्रथिनांपासूनच बनतो. मायलोडॉनच्या दातांत मांस फाडण्याची सोय नव्हती, त्यामुळे शिकारीपेक्षा आयतं मिळालेलं मढं हा मार्ग जास्त शक्य वाटतो.